हृदय प्रत्यारोपणानंतरचं कोलेस्टेरॉल: कोणती गोळी, किती आणि कशासोबत नाही

खलबत्ता | सोमवार, रात्री ९:१०

हृदय प्रत्यारोपणानंतर डिस्चार्जच्या वेळी औषधांची जी पिशवी घरी येते, तिच्यात जवळपास नेहमीच एक स्टॅटिन असतं. रिजेक्शनच्या, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्यांना घरातले सगळे जिवापाड जपतात. वेळा पाठ, लेव्हल (रक्तातलं औषधाचं प्रमाण) पाठ. स्टॅटिनकडे मात्र 'कोलेस्टेरॉलची साधी गोळी' म्हणून बघितलं जातं. रिपोर्ट चांगला आला की बंद केली, गावातल्या डॉक्टरांनी वाढवली तर वाढवली, केमिस्टने दुसरी दिली तर तीच घेतली. प्रत्यारोपणानंतर यातलं एकही करायचं नाही. का, ते लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

आधी कोलेस्टेरॉल वाढतं कशाने? बऱ्याचदा रिजेक्शनच्याच गोळ्यांनी. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड भूक वाढवतं, यकृतातून चरबी जास्त बाहेर पडते, साखरही चढते. सिक्लोस्पोरिन रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उचलण्याच्या आणि त्याचं पित्ताम्लात रूपांतर करण्याच्या कामात अडथळा आणतं. टॅक्रोलिमसचा हा त्रास कमी, पण तो साखर जास्त वाढवतो. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस यांनी ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) चांगलंच उसळतं. मायकोफेनोलेटचा मात्र यात फारसा हात नाही. म्हणजे ज्या गोळ्या हृदय टिकवतात त्यांतल्याच काही चरबी वाढवतात, आणि त्या बंद करणं शक्य नसतं. पेशंटने पथ्य मोडलं म्हणूनच रिपोर्ट बिघडला, असं घरच्यांनी धरून चालू नये.

आता मुद्द्याचं. स्टॅटिनचा डोस इथे एलडीएलच्या आकड्यावरून ठरत नाही. शेजारी कोणती रिजेक्शनची गोळी चालू आहे, त्यावरून ठरतो.

सिक्लोस्पोरिन चालू असेल तर:
सिमवास्टॅटिन, लोवास्टॅटिन, पिटावास्टॅटिन: नाहीच.
रोसुवास्टॅटिन: अमेरिकेच्या लेबलप्रमाणे (औषधासोबतच्या अधिकृत माहितीप्रमाणे) दिवसाला जास्तीत जास्त ५ मिग्रॅ. युरोपात तर ही जोडीच निषिद्ध आहे.
अटोरवास्टॅटिन: १० मिग्रॅच्या वर नाही. अमेरिकेचं लेबल 'टाळा' म्हणतं.
प्रावास्टॅटिन: २० मिग्रॅ. (प्रत्यारोपणाचे काही तज्ज्ञ ४० पर्यंत जातात.)
फ्लुवास्टॅटिन: २० मिग्रॅ, दिवसातून दोनदा.

टॅक्रोलिमस असेल तर थोडी मोकळीक मिळते, पण तिथेही लहान डोसने सुरुवात आणि सिमवास्टॅटिन टाळणं हाच रिवाज आहे. प्रावास्टॅटिन आणि फ्लुवास्टॅटिन आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात अटोरवा १० किंवा रोसुवा ५ यांवरच काम चालतं.

हे आकडे डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून दिलेत. स्वतःच्या मनाने डोस बदलण्यासाठी नाहीत.

इंद्रायणीकाठ | सोमवार, रात्री ९:४८

उत्तम धागा. एक शंका. प्रत्यारोपणाआधी एलडीएल ८२ होतं, म्हणजे चांगलंच. तरीही ऑपरेशननंतर दुसऱ्याच आठवड्यात अटोरवा १० सुरू होते. नसलेल्या आजाराची गोळी का द्यायची?

सह्यकडा | सोमवार, रात्री १०:३०

कारण ही गोळी आकडा उतरवण्यापुरती नसतेच. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधले जॉन कोबाशिगावा आणि त्यांचे सहकारी यांनी ९७ पेशंटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना प्रत्यारोपणानंतर लवकरच प्रावास्टॅटिन दिलं, निम्म्यांना नाही. वर्षाअखेर स्टॅटिनवाल्यांत ९४ टक्के हयात होते, दुसऱ्या गटात ७८ टक्के. हृदयाचं काम ढासळवणारी रिजेक्शनं कमी झाली आणि हृदयाच्या रोहिण्यांचा (रक्तवाहिन्यांचा) आजारही कमी दिसला. पुढे जर्मनीत सिमवास्टॅटिनवर झालेल्या चार वर्षांच्या अभ्यासाचा कौलही तोच होता. (तेव्हा सिमवास्टॅटिन सिक्लोस्पोरिनसोबत अगदी कमी डोसमध्ये दिलं होतं. आज ती जोडी निषिद्ध आहे, म्हणून त्या अभ्यासाचा दाखला देऊन कुणी ती सुरू करू नये.)

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की कोलेस्टेरॉल कितीही असो, प्रौढ पेशंटला पहिल्या एक-दोन आठवड्यांत स्टॅटिन सुरू करा.

दुसरं कारण प्रत्यारोपित हृदयाच्या रोहिण्यांचं. नेहमीच्या हृदयरोगात एखाद्या जागी गाठ धरते आणि तिथे स्टेंट बसतो. इथे नळीचं आतलं अस्तर सगळीकडून, अगदी टोकाच्या बारीक फांद्यांपर्यंत जाड होत जातं. नळावर आतून क्षार धरतो तसं. त्यामुळे स्टेंट किंवा बायपासला जागाच सापडत नाही अशी वेळ येते. मूळ कारण शरीराचा प्रतिकार, पण एलडीएल, साखर, रक्तदाब, सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग हे सगळे त्यात तेल ओततात.

आणि छातीत दुखत नाही! दात्याचं हृदय काढताना त्याच्या नसा कापल्या जातात, त्या पूर्ववत जुळत नाहीत. त्यामुळे बहुतेकांना ती वेदना जाणवतच नाही. जिना चढताना नव्याने लागलेली धाप, थकवा, पायावर सूज, मळमळ, एवढंच दिसतं. म्हणून 'काही त्रास नाही' या भरवशावर वार्षिक अँजिओग्राफी पुढे ढकलू नका. जिथे सोय आहे तिथे नळीच्या आतून सोनोग्राफी करतात, एकदा चार-सहा आठवड्यांनी आणि पुन्हा वर्षाने. त्या काळात अस्तर अर्धा मिलिमीटर किंवा जास्त वाढलं असेल तर पुढची वाट बिकट आहे असं धरून औषधं बदलतात.

तेव्हा एलडीएल ८२ चं ६० झालं तरी गोळी चालूच राहते.

इंद्रायणीकाठ | सोमवार, रात्री १०:५२

आता नीट कळलं. आभार.

मांडवीतीर | मंगळवार, सकाळी ७:२०

एक चिठ्ठी पाहण्यात आली. पेशंट सिक्लोस्पोरिनवर. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड २८५, म्हणून जवळच्या दवाखान्यातून रोसुवास्टॅटिन २० आणि फेनोफायब्रेट १६० यांची एकत्र गोळी लिहून मिळाली. वर दिलेल्या आकड्यांशी हे जुळत नाही. काय करायला हवं?

खलबत्ता | मंगळवार, सकाळी ८:०५

मांडवीतीर, ही गोळी सुरू झाली नसेल तर सुरू करू नये, आणि आजच प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयकांना फोन करावा. सुरू झाली असेल तर फोनवर 'स्नायू दुखतात का, लघवीचा रंग काय' हेही सांगावं. सिक्लोस्पोरिन मात्र बंद करायचं नाही. ते चुकूनही थांबवू नका.

कारण असं. स्टॅटिन यकृताच्या पेशीत शिरून काम करतं. पेशीच्या दारावर त्याला आत घेणारा एक वाहक असतो, सिक्लोस्पोरिन तो अडवतं. मग स्टॅटिन रक्तातच साठतं आणि स्नायूंवर जातं. रोसुवास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण अशाने साधारण सातपट होतं, अटोरवास्टॅटिनचं आठ-नऊपट. म्हणजे ही २० ची गोळी शरीराला १४० सारखी पडणार, आणि निरोगी माणसालासुद्धा रोसुवाची कमाल ४० च आहे. त्यात फेनोफायब्रेट स्वतः क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढवतं, सिक्लोस्पोरिन आधीच मूत्रपिंडावर भार टाकतं, आणि स्टॅटिन-फायब्रेट जोडीने स्नायूंचा धोका आणखी वाढतो. स्नायू विरघळायला लागले की त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जाऊन अडकतं. एका गोळीत तीन धोके आहेत हे.

आपल्या बाजारात अशा जोडगोळ्या पुष्कळ. पट्टीवर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव, त्यापुढे एखादं अक्षर किंवा 'गोल्ड' सारखा शब्द, आणि खरं काय आहे ते मागच्या चंदेरी बाजूला बारीक छापलेलं. 'एफ' असेल तर बहुधा फेनोफायब्रेट. 'गोल्ड' मध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही असतं. पट्टी उलटी करून, उजेडात धरून प्रत्येक घटक आणि त्याचे मिग्रॅ वाचायचे. कापलेली पट्टी मिळाली आणि नावाचा भाग दुकानातच राहिला असेल तर ती घेऊ नका.

केमिस्टने टॅक्रोलिमसचा ब्रँड बदलून दिला तरी तेच. 'कंटेंट सेम आहे' हे ऐकायचं नाही. ब्रँड बदलला की लेव्हल हलू शकते, म्हणून केंद्राला कळवून नव्याने लेव्हल करावी लागते.

रक्तनमुना | मंगळवार, दुपारी १:१५

लॅबच्या बाजूने थोडं.

लिपिड आणि औषधाची लेव्हल एकाच सकाळी करून घ्या. सुई एकदाच टोचते आणि दोन्ही आकडे एका दिवसाचे मिळतात. रात्री नऊला टॅक्रोची गोळी घेतली असेल तर सकाळी साडेआठ ते नऊ दरम्यान, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. गोळी पिशवीत सोबत न्यायची आणि सुई निघाल्यावर लगेच घ्यायची. लेव्हलचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत जातं, कारण त्यासाठी अख्खं रक्त लागतं. लिपिडचं वेगळ्या नळीत. लॅबमधल्या माणसाला 'आधीची गोळी किती वाजता घेतली' हे सांगा आणि फॉर्मवर लिहायला लावा. गोळी घेऊन आलेल्या पेशंटची लेव्हल खोटी उंच येते, त्यावरून डोस कमी केला जातो, आणि मग रिजेक्शनचा धोका उभा राहतो. नऊ ते बारा तासांचा उपास ट्रायग्लिसराइडसाठी. पाणी चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपासाच्या सकाळचा डोस कसा घ्यायचा ते आधी विचारून ठेवावं, नाहीतर साखर उतरते.

आता रिपोर्ट कसा वाचायचा. समजा एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४६, ट्रायग्लिसराइड २८५. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: २४८ वजा ४६, वजा २८५ चा पाचवा भाग म्हणजे ५७. आलं १४५. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशेब चालतच नाही, 'डायरेक्ट एलडीएल' सांगून करून घ्यावं. ट्रायग्लिसराइड चढलेलं असताना नॉन-एचडीएल जास्त भरवशाचं: २४८ वजा ४६, म्हणजे २०२. त्याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यात ३० मिळवून. एलडीएल १०० च्या खाली हवं असेल तर नॉन-एचडीएल १३० च्या खाली.

सुरुवातीला सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी चाचणी) आणि यकृताच्या चाचण्या एकदा करून ठेवाच. आधीचा आकडा हाताशी नसेल तर पुढे सीपीके ४०० आला तरी तो नवा की जुनाच, हे सांगता येत नाही.

सह्यकडा | मंगळवार, दुपारी ३:४०

अगदी बरोबर. लिपिड पुन्हा केव्हा करायचं, तर डोस किंवा औषध बदललं की सहा ते आठ आठवड्यांनी, पहिल्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी, पुढे सहा-बारा महिन्यांनी. एलडीएल १०० च्या खाली ही किमान अपेक्षा. रोहिण्यांचा आजार दिसला असेल किंवा मधुमेह असेल तर ७० च्या खाली नेण्याचा प्रयत्न असतो.

आकडा एकदम उसळला तर स्टॅटिन वाढवण्याआधी चार गोष्टी बघायच्या. टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लघवीतलं प्रोटीन, आणि अलीकडे स्टेरॉइड वाढवलं होतं का. रिजेक्शनसाठी तीन दिवस शिरेतून मोठा स्टेरॉइड डोस झाला असेल तर त्यानंतरच्या लिपिड रिपोर्टवर लगेच निर्णय घेऊ नये.

ज्वारीचं_कणीस | मंगळवार, सायंकाळी ६:०२

आहाराबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे फार गोंधळ होतो. कोलेस्टेरॉलसाठी जे सल्ले सर्रास फिरतात त्यांतले काही प्रत्यारोपण झालेल्या माणसाला थेट अपायकारक आहेत.

मोड आलेली कच्ची मटकी-मूग. कोलेस्टेरॉलसाठी छान, पण मोड येतात त्या ओलसर उबेतच जंतू वाढतात आणि या पेशंटची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते. मोड हवेत, पण शिजवून. उसळ करा, कुकरला शिट्टी द्या. कच्च्या कोशिंबिरीचंही तसंच. पहिले काही महिने काकडी-गाजर घरी धुऊन, सोलून, त्याच वेळी चिरून. बाहेरची कापलेली फळं, उसाचा रस, पाणीपुरी नाही.

शहाळ्याचं पाणी. टॅक्रोलिमस आणि सिक्लोस्पोरिन दोन्ही पोटॅशियम वाढवतात. सोबत रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गटातली गोळी असेल तर आणखीच. शहाळं रोज नको. बाजारात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ तर नकोच, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं.

तेल: माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात दोन लिटर. महिन्याच्या सुरुवातीला मोजून वेगळ्या बरणीत काढा आणि तळण-फोडणी सगळं त्यातूनच. दिवसाचा हिशेब कुणी ठेवत नाही, बरणीची पातळी मात्र रोज दिसते.

संपृक्त चरबीची मर्यादा १८०० कॅलरीच्या आहारात दिवसाला साधारण १४ ग्रॅम धरा. ४० ग्रॅम ओलं खोबरं खवलं (लहान वाटीभर) की त्यातच १२ ग्रॅम संपतात. कोकण-गोव्याकडच्या घरांत हीच खरी अडचण. पेशंट तूप सोडतो, अंडं सोडतो, आणि दोन्ही वेळच्या आमटीत वाटण तसंच. वाटण पूर्ण बंद करायची गरज नाही. खोबरं चौथ्या हिश्शावर आणा, दाटपणासाठी भाजलेला कांदा आणि थोडं डाळीचं पीठ घाला. सोलकढी नारळाच्या दुधाऐवजी नुसत्या कोकमाच्या आगळाची करा, आगळात मीठ असतं एवढं लक्षात ठेवा. तूप एक मोठा चमचा म्हणजे आठ-नऊ ग्रॅम संपृक्त चरबी. वरणावर पाव चमचा घ्या, चव येते.

ट्रायग्लिसराइड चढलंय त्यांनी तेलापेक्षा साखर-मैद्याकडे आधी बघावं. चहातली साखर, खारी, टोस्ट, नानकटाई, साबुदाणा. उपासाच्या दिवशी दोनदा खिचडी झाली की स्टार्चचा डोंगर होतो. त्यापेक्षा वरई किंवा राजगिरा मोजून घ्यावा. दारू नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, शिजवलेली कडधान्यं, पालेभाज्या यांतून रोज २५-३० ग्रॅम तंतू मिळावेत. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, पूर्ण शिजवून. सुकट आणि खारं नको, मिठामुळे.

इसबगोल चालतं. एलडीएल थोडं उतरवतं. मात्र औषधांच्या वेळेपासून किमान दोन तास लांब, आणि ग्लासभर पाण्यासोबत.

मांडवीतीर | मंगळवार, सायंकाळी ६:४०

वाटणाचं अगदी आमच्याकडचंच वर्णन. चौथा हिस्सा हे माप उपयोगी पडेल.

खलबत्ता | मंगळवार, रात्री ८:१५

ज्वारीचं_कणीस यांच्या यादीला आयुर्वेदिक आणि घरगुती औषधांची जोड देतो. 'नैसर्गिक आहे, काय होणार' म्हणून हे केंद्राला सांगितलंच जात नाही.

गुग्गुळ: कोलेस्टेरॉलसाठी प्रसिद्ध. पण तो यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा चालू करतो. टॅक्रोलिमस, सिक्लोस्पोरिन त्याच वाटेने मोडतात, म्हणजे लेव्हल घसरून रिजेक्शनचा धोका.
लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूल: त्यात लोवास्टॅटिनच असतं. वर निषिद्ध म्हटलेलं तेच, फक्त लेबल वेगळं.
गुळवेल: प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी देतात. इथे आपण ती जिवावर उदार होऊन दाबून ठेवलेली आहे. शिवाय गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईतूनच झालेल्या आहेत.
ज्येष्ठमध: रोज घेतल्यास रक्तदाब चढतो.

फोडणीतला लसूण, हळद यांना हरकत नाही. त्यांच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत.

पाऊलवाट | मंगळवार, रात्री ९:३०

स्नायू दुखणं आणि व्यायाम यांवर लिहिते. प्रत्यारोपणानंतर मांड्या ढिल्या पडतात, आणि सगळ्याचा दोष स्टॅटिनवर येतो. फरक असा.

स्टेरॉइडमुळे येतो तो अशक्तपणा सहसा दुखत नाही. पाटावरून किंवा कमोडवरून उठताना हातांचा आधार लागतो, जिना चढताना मांडी साथ देत नाही, आणि सीपीके नॉर्मल असतं. स्टॅटिनमुळे दोन्ही बाजूंच्या मांड्या, पोटऱ्या, खांदे ठणकतात, दाबल्यावर दुखतात, आणि सीपीके चढू शकतं. कोऱ्या चहासारखी लघवी झाली तर तो दिवस थांबण्याचा नाही, तडक केंद्र गाठायचं. सीपीके नॉर्मलच्या दहापटीवर गेलं तर डॉक्टर स्टॅटिन लगेच थांबवतात. यकृताचं एएलटी तिपटीच्या वर टिकून राहिलं तरी थांबवतात.

तिसरा छुपा गुन्हेगार म्हणजे संधिवाताच्या झटक्यासाठी दिलेलं कोल्चिसिन. सिक्लोस्पोरिनने युरिक ॲसिड चढतं, अंगठा सुजतो, कुणीतरी कोल्चिसिन लिहून देतं. कोल्चिसिन, सिक्लोस्पोरिन आणि स्टॅटिन ही तिहेरी जोडी स्नायू आणि नसा दोन्ही पाडते.

व्यायामाने ट्रायग्लिसराइड उतरतं, वजन आवरतं, म्हणून तो या धाग्यात यायलाच हवा. नव्या हृदयाची नाडी बसल्या जागी ९० ते ११० असते, चालू लागल्यावर उशिरा चढते आणि थांबल्यावर उशिरा उतरते. म्हणून घड्याळातली नाडी बघून वेग ठरवायचा नाही. १० मिनिटं सावकाश, मग २० ते ३० मिनिटं 'बोलता येतं पण गाता येत नाही' इतक्या वेगाने, शेवटी पुन्हा १० मिनिटं सावकाश. एकदम थांबलात तर चक्कर येते. छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन महिने, पाण्याची भरलेली कळशी किंवा नातवंड उचलायचं नाही. नंतर मात्र वजनाचे व्यायाम हवेतच, कारण स्टेरॉइडने झिजलेली मांडी नुसत्या चालण्याने भरून येत नाही.

इंद्रायणीकाठ | बुधवार, सकाळी १०:१०

स्टॅटिनचा डोस वाढवता येत नाही आणि एलडीएल १२० वरच अडलंय, अशा वेळी पुढची पायरी कोणती? आणि दुसरं, एव्हरोलिमस सुरू झाल्यावर ट्रायग्लिसराइड ३४० झालं तर एव्हरोलिमस बदलून मागावं का?

सह्यकडा | बुधवार, दुपारी २:२०

पहिल्याचं उत्तर: एझेटिमाइब १० मिग्रॅ. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं. एझेटिमाइब जोडल्याने साधारण वीस टक्के. १२० चं ९६ होईल, तेही स्नायूंवर फारसा ताण न देता. सिक्लोस्पोरिनसोबत मात्र दोन्ही एकमेकांचं प्रमाण वाढवतात, म्हणून एझेटिमाइब सुरू केल्यावर सिक्लोस्पोरिनची लेव्हल पुन्हा करायची.

त्यानेही भागलं नाही, किंवा स्टॅटिन सोसतच नाही, तर पीसीएसके९ (यकृताला एलडीएल उचलण्यात आडवं येणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं: इव्होलोक्युमॅब १४० मिग्रॅ दर दोन आठवड्यांनी, किंवा अलिरोक्युमॅब. ही प्रतिपिंडं आहेत, यकृतातल्या त्या यंत्रणेतून जात नाहीत, त्यामुळे टॅक्रो-सिक्लोस्पोरिनशी भांडण नाही. एलडीएल भरपूर उतरतं. पण नॉर्डिक देशांत हृदय प्रत्यारोपण झालेल्यांवरच झालेल्या चाचणीत इव्होलोक्युमॅबने एलडीएल उतरूनही वर्षभरात रोहिणीच्या अस्तराच्या जाडीत फरक पडला नाही. म्हणून गरज असेल तिथे जरूर वापरावं, सगळ्यांनी खर्च करून सरसकट घ्यावं असं मात्र वाटत नाही. इन्क्लिसिरान सहा महिन्यांतून एकदा टोचायचं असल्याने मोहात पाडतं, पण या पेशंटांतला अनुभव अजून थोडा आहे. बेम्पेडोइक ॲसिड युरिक ॲसिड वाढवतं, ते आधीच चढलेल्यांना अडचणीचं.

कोलेस्टिरामिन ही जुनी पूड मात्र टाळलेलीच बरी. मायकोफेनोलेट आतड्यातून पुन्हा शोषलं जातं ते ही पूड पकडून ठेवते, आणि सिक्लोस्पोरिनलाही अडवते. कोलेस्टेरॉल उतरवताना रिजेक्शनचं संरक्षणच उतरतं.

एव्हरोलिमसबद्दल: नाही, ३४० साठी बदलून मागू नये. ते बहुधा रोहिण्यांचं अस्तर जाड होऊ नये किंवा मूत्रपिंड वाचावं म्हणूनच दिलेलं असतं. चरबी वाढते हे खरं, पण अस्तराची वाढही तेच धीमी करतं. साखर, वजन, मैदा, दारू, स्टेरॉइडचा डोस यांवर काम करायचं, स्टॅटिन चालू ठेवायचं आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती, तिथे वेगळं औषध लागतं. फेनोफायब्रेट दिलंच तर मूत्रपिंडाच्या मापाने कमी डोसमध्ये आणि क्रिएटिनिनवर डोळा ठेवून. जेमफायब्रोझिल स्टॅटिनसोबत कधीच नाही.

खलबत्ता | बुधवार, सायंकाळी ५:००

इव्होलोक्युमॅबची साठवण: २ ते ८ अंश, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही आणि दारातही नाही. बाहेर ठेवायचं तर २५ अंशांच्या आत, ३० दिवसांपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खोलीतच ३८ अंश असतात, तेव्हा 'महिनाभर बाहेर चालतं' हे तिथे लागू नाही. लोडशेडिंग असेल तर डब्यात बर्फाची पिशवी, तिच्यावर जाड फडकं, मग इंजेक्शनचं पेन. थेट बर्फाला टेकलेलं पेन गोठतं, आणि गोठलेलं टाकूनच द्यावं लागतं. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा, हलवू नका. पोट किंवा मांडी, दर वेळी जागा बदलून.

थोड्या दिवसांसाठी येणारी औषधंही लक्षात ठेवा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, कोविडची रिटोनाविर असलेली गोळी: टॅक्रो आणि अटोरवा दोन्ही चढतात. तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायचं का आणि टॅक्रो किती कमी करायचं हे केंद्र सांगेल. रक्तदाबाचं डिल्टियाझेमही त्याच जातीचं. रिफाम्पिसिन उलटं: टीबीच्या उपचारात टॅक्रोची लेव्हल कोसळते, आणि ते बंद केल्यावर पंधरवड्यात पुन्हा वर येते. दोन्ही टोकांना लेव्हल करावी लागते.

ॲसिडिटीचं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं पातळ औषध रोसुवा आणि मायकोफेनोलेट दोन्हीचं शोषण घटवतं. दोन तासांचं अंतर ठेवा.

मांडवीतीर | बुधवार, रात्री ८:४५

फळांत पपनसाचा उल्लेख कुणी केला नाही. गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीला पपनस असतंच, नंतर घरात सगळे खातात. मुरंबा चालेल का?

खलबत्ता | बुधवार, रात्री ९:०५

बरं झालं विचारलंत, ते राहूनच गेलं होतं. पपनस नाही. ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं आहे. त्यातली द्रव्यं आतड्यातली औषध मोडणारी यंत्रणा बंद पाडतात, त्यामुळे टॅक्रो, सिक्लोस्पोरिन आणि अटोरवा, तिन्ही चढतात. परिणाम एका फोडीने सुरू होतो आणि दोन-तीन दिवस टिकतो, म्हणून 'सकाळी गोळी, संध्याकाळी पपनस' असं अंतर ठेवूनही उपयोग नाही. शिजवल्याने ती द्रव्यं जात नाहीत, सालीत तर ती जास्तच असतात. तेव्हा मुरंबाही नको. माटोळीला बांधायला हरकत नाही, प्रसादाला पेशंटच्या हातावर संत्र्याची फोड द्या.